भावोजींची भरपाई

चूक माझीच होती, हे आधीच कबूल करते. मी शाळेच्या ऑफिसात कारकून. शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं आणि त्यातले शे-सव्वाशे छापील फॉर्म उरले. मागची बाजू कोरी. कोरा कागद माझ्याने टाकवत नाही. सामानाच्या याद्या करायला होतील म्हणून गठ्ठा पिशवीत घालून घरी आणला. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आपल्या घराचा धूर मोजा'. खाली रकाने: घरातली वीज किती, स्वयंपाकाचा गॅस किती, गाडी कुठली, प्रवास किती. प्रत्येक आकड्याला कशाने गुणायचं तेही दिलं होतं. आणि तळाशी एक ओळ: आपण जेवढा धूर सोडतो तेवढा कुठेतरी शोषला जाईल अशी तजवीज करणे म्हणजे भरपाई.

आख्ख्या शाळेत एकाही मुलाच्या घरी तो फॉर्म कुणी पुरता भरला नसेल. आमच्या घरी भावोजींनी भरला. शाईच्या पेनाने.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर ताईकडेच राहायला आले, त्याला वीस वर्षं झाली. या माणसाला मी जेवढं सोसलंय तेवढं ताईखेरीज दुसऱ्या कुणी सोसलेलं नाही. त्यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. गल्लीत लोक त्यांना माघारी थंडोबा म्हणतात. धंदा थंड करण्याचा आणि स्वभावही तसाच. आग लागली तरी हा माणूस आधी बादली गळते का ते बघेल.

लग्नाआधी ते आमच्याकडे फ्रिज बघायलाच आले होते. चार वेळा आले. चौथ्या वेळी वडिलांनी विचारलं, "नक्की बिघडलंय तरी काय?" तर हे म्हणाले, "फ्रिजचं काही बिघडलेलं नाही," आणि ताईकडे न बघता मागच्या जाळीचा स्क्रू आवळत बसले. एवढं धाडस त्यांनी आयुष्यात एकदाच केलं. बाकी माणूस नाकासमोर चालणारा. पाच मिनिटांत एखादा रिले बदलून भागत असेल तर नवा कॉम्प्रेसर गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणार नाही. जुना सुटा भाग फडक्यात गुंडाळून परत देणार, की बाबा, हा तुमचा, बघून घ्या. अशा माणसाच्या हाती फॉर्म पडला की काय होतं, ते आम्ही भोगलं.

आधी झाकणं आली. उकळत्या पाण्यावर झाकण नसेल तर स्वयंपाकघरात येऊन स्वतः ठेवायचे. मग इस्त्री बंद झाली, आणि मी अंथरुणातून तशीच उठून आल्यासारखी ऑफिसात जाऊ लागले. मग चौथ्या मजल्यावर राहून लिफ्ट वर्ज्य. लिफ्ट दुरुस्त करायला माणूस आला, तर त्यालाच जिना चढण्याचे फायदे सांगत बसले. तो बिचारा पाना हातात धरून ऐकत होता. कुकरच्या एका शिट्टीला किती धूर होतो हे काढायला त्यांनी दुकानातला वजनकाटा घरी आणला. सिलिंडर काट्यावर, कुकर शेगडीवर, आणि हे वही घेऊन समोर. "साधारण वीस ग्रॅम," दोन दिवसांनी जाहीर केलं, "तीन शिट्ट्यांच्या जागी दोन करा." ताईने दोन केल्या. डाळ कचकचीत राहिली. ते चावून चावून खायचे आणि आमच्याकडे बघायचे, आम्ही काही बोलतो का म्हणून.

एक संस्था म्हणे तुमच्या नावाने झाडं लावून तुमच्या धुराची भरपाई करते. यांनी त्यांना पत्र लिहिलं: माझं झाड कुठलं, त्याला पाणी कोण घालतं, फोटो पाठवा. फोटो आला. महिन्याने पुन्हा मागवला, तर तोच फोटो पुन्हा आला. झालं. इतरांवर भरवसा नाही म्हणून गच्चीवर स्वतः झाडं लावायला घेतली. कुंड्या कशाच्या? भंगारातल्या फ्रिजच्या. दार काढायचं, फ्रिज पाठीवर आडवा पाडायचा, आत माती. अकरा फ्रिज ओळीने झोपवले गच्चीत. गच्चीच्या बरोबर खाली राहणाऱ्या वकिलांच्या छताला ओल आली. ते तणतणत वर आले, तर भावोजींनी त्यांच्या हातात एक कोरा फॉर्म ठेवला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पुढचं येत नव्हतं.

ताई-भावोजींना एकच मुलगी. लग्न होऊन ती लांब गेली, विमानाने बारा तास लागतात इतकी लांब. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात एकाएकी दुखायला लागलं. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी होता. ती एकटीच टॅक्सी करून हॉस्पिटलात गेली आणि तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी एकटीच घरी आली. घरी पोचल्यावर तिने आईला फोन केला. ताईने तो फोन उभ्याने घेतला होता आणि ठेवल्यानंतरही ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. मी तिला हाताला धरून बसवलं.

आता पोरीला पुन्हा दिवस राहिले होते आणि आठवा संपत आला होता. प्रवासाची कागदपत्रं केव्हाची तयार होती. जावयांनी फोन करून सांगितलं, "शुक्रवारपर्यंत हो म्हणा, दोघांची तिकिटं काढतो. त्यानंतर जागा मिळेल असं वाटत नाही." ताईला यावेळी लेकीजवळ असायचं होतं. बाकी तिला या जगात काहीएक नको होतं.

आणि भावोजींनी फॉर्म काढला.

"विमान म्हणजे माणशी जाऊन-येऊन अडीच टन," ते म्हणाले. "दोघांचे पाच. आपल्या घराचा दीड वर्षाचा धूर झाला. आधी भरपाई, मग प्रवास."

"झाडांना किती वर्षं लागतील?" मी विचारलं.

"वीसेक."

"म्हणजे पोर कॉलेजात जायला लागेल तेव्हा तुम्ही त्याला बघायला पोचाल!"

"चेष्टेचा विषय नाही हा, धाकटे." मला ते धाकटी म्हणतात. "आपल्याला नातवंड हवं आणि त्याला मोकळी हवा नको, असं कसं चालेल?"

असं काही बोलले की माझं डोकं फिरतं. मी भांडी आदळली. ताई मात्र पोळ्या लाटत राहिली. मी तिला म्हटलं, अगं तू तरी बोल, तू एकटी जा. ती म्हणाली, "त्यांचं मन मोडून गेले तर माझं अर्धं लक्ष इथेच राहील. आणि माझा हात धरून नेल्याशिवाय मला एवढ्या लांबचं कुठे जमतंय?" रोज दुपारी ती बॅग भरायची. छोटी टोपडी, मऊ दुपटी, लेकीसाठी दोन गाऊन. संध्याकाळी ते दुकानातून यायच्या आत बॅग पलंगाखाली सरकवायची. बायको पलंगाखाली काय सरकवते हे न कळण्याइतका माणूस भोळा असतो का? पण त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मला त्याचाच जास्त संताप यायचा.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आणि थेट दुकानात गेले. आज हो म्हणवून घ्यायचंच, असं ठरवून.

दुकान अरुंद. दोन्ही बाजूंना दारं काढलेले फ्रिज उभे, खिळ्यांना रबराच्या पट्ट्या लटकलेल्या, झाळकामाचा जळका वास. भावोजी एका फ्रिजच्या मागे उकिडवे बसले होते. मी स्टुलावर बसून तोंडाचा पट्टा सुरू केला. लेकीचं सांगितलं, ताईचं सांगितलं, पलंगाखालची बॅगही सांगून टाकली. ते मान हलवत काम करत होते. बोलता बोलता त्यांनी कॉम्प्रेसरजवळची तांब्याची बारीक नळी चिमट्यात धरली, मला म्हणाले, "तोंड जरा तिकडे कर," आणि नळी कापली.

फुस्स.

पाच-दहा सेकंद तो आवाज चालला, मग मंदावला.

"हे काय गेलं?" मी विचारलं.

"जुना गॅस. कमी झाला होता ना. तो सोडून द्यायचा, आतून सगळं कोरडं करायचं, मग नवा मापून भरायचा."

"सोडून कुठे द्यायचा?"

"कुठे म्हणजे? हवेत. असंच करतात. उस्तादांनी असंच शिकवलं."

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात काही आलं नव्हतं. पण कारकुनाची सवय वाईट. छापलेलं दिसलं की वाचायचं. नव्या गॅसचा डबा ज्या खोक्यातून आला होता त्यात त्यांनी पाने-पक्कडी ठेवल्या होत्या, आणि खोक्याच्या आतल्या बाजूला एक पत्रक चिकटवलेलं होतं. त्यात एक तक्ता. हा वायू एक किलो हवेत गेला तर तो किती किलो धुराइतकी हवा तापवतो, याचा. मी वाचत वाचत त्या फ्रिजवर लिहिलेल्या नावाच्या गॅसशी आले.

"भावोजी," मी म्हटलं, "इथे चौदाशे लिहिलंय."

"काय चौदाशे?"

"चौदाशे पट."

ते उठले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं. मग कानावरची पेन्सिल काढून त्या फ्रिजच्या पांढऱ्या अंगावरच त्यांनी गुणाकार केला. आत उरलेला दीडशे ग्रॅम गॅस गुणिले चौदाशे. दोनशे दहा किलो.

आणि मी, माझ्या जिभेला काही हाड नाही, मी विचारलं, "कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हो?"

त्यांनी मनातल्या मनात भाग दिला असणार. "दहा हजारांवर," ते हळूच म्हणाले.

माझा आनंद गगनात मावेना. सहा महिने कच्ची डाळ, चुरगळलेले कपडे, चार मजल्यांचा जिना! "म्हणजे आमच्या एका शिट्टीवरून आम्हाला भंडावून सोडायचं, आणि तुम्ही इथे बसून दिवसातून चार वेळा दहा-दहा हजार शिट्ट्या मारणार! फॉर्ममध्ये हे कसं नाही लिहिलंत?"

"फॉर्म घराचा होता," ते म्हणाले. "दुकानाचा रकानाच नव्हता."

हे त्यांनी सबब म्हणून सांगितलं नाही. खरंच तसं होतं. रकाना असता तर या माणसाने भरला असता, शाईच्या पेनाने. पण मग त्यांचं बोट तक्त्यावर वर सरकलं, जुन्या गॅसवर. पूर्वीच्या फ्रिजमध्ये असायचा तो, आता बंद झालेला. तिथे दहा हजार पटीच्याही वर लिहिलं होतं. त्यांनी तो गुणाकार पेन्सिलीने केला नाही. मीच तोंडाने केला. तसले दोन फ्रिज म्हणजे एका माणसाचं विमानाने जाणं-येणं, वर काही शिल्लक. आणि तरुणपणी ते आठवड्याला दहा-बारा तसले फ्रिज उघडायचे. वर्षानुवर्षं. तोंड जरा बाजूला करून.

ते स्टुलावर बसले. हातातला कटर खाली ठेवायचंही सुचेना त्यांना. तेव्हा माझा आनंद कुठल्या कुठे गेला. जुना स्क्रूसुद्धा गिऱ्हाइकाला फडक्यात बांधून परत देणारा हा माणूस. मला स्वतःचाच राग आला. त्यांनी गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की फ्रिज उद्या मिळेल, शटर ओढलं, आणि आम्ही घरी आलो. जिन्याने.

आता तुम्हाला वाटेल, की एवढं कळल्यावर कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, डोंगराएवढं झालंच आहे तर त्यात ही दोन तिकिटं काय जड आहेत? मलाही तसंच वाटलं होतं. पण मी कुणाबद्दल बोलतेय? शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर ते म्हणाले, "आता तर आपल्याला जायचा हक्कच नाही. माझं मागचंच या जन्मात फिटणार नाही. त्यात आणखी भर कशी घालू?"

मी कपाळावर हात मारला. एका माणसाला उलटं टांगलं काय आणि सुलटं टांगलं काय, खिशातून तोच फॉर्म पडणार! मी तोंड उघडलं, पण त्याआधी ताई बोलली. त्यांच्या लग्नाच्या बत्तीस वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. चढलेला नव्हता. थरथरत होता.

"अहो, एक विचारू? तुम्ही सोडलेला गॅस परत येत नाही, बरोबर?"

"नाही येत."

"मागच्या वेळी माझी पोर एकटी टॅक्सीत बसून गेली. पोटातलं गेलं, तेव्हा धरायला कुणाचा हात नव्हता तिला. तेही परत येत नाही. त्याची भरपाई कुठल्या झाडाने करायची ते सांगा. गच्चीत लावते मी. रोज पाणी घालते." तिने डोळे पुसले. "पण तसं झाड नाही ना? तिथे जाऊन बसायचं, एवढंच आहे. मला जाऊ द्या. माझ्या वाटची भरपाई तेवढीच आहे."

भावोजी उठले, पायात चपला घातल्या आणि निघून गेले. ताई खुर्चीत बसून राहिली. मी गच्चीत जाऊन बघितलं, तिथे नव्हते. दुकान बंद होतं. मी ऑफिसला दांडी मारली. जेवणं झाली नाहीत. चार वाजता ते आले, घामाने चिंब, आणि ताईसमोर उभे राहून म्हणाले, "जावयांना कळव. एक तिकीट."

"दोन," ताई म्हणाली.

"एक. चढताना तुला सोडायला मी आहे, उतरताना न्यायला जावई आहेत. मधले बारा तास तर नुसतं बसायचंय. बसशील." मग म्हणाले, "माझी जागा मी सोडली. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाहीये गं."

ताईने वाद घातला नाही. मी घातला. म्हटलं, अहो, विमान तुमच्यावाचून काय अडून राहणार आहे? तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल, आणि तुमचं नातवंड तुम्ही फोनवर बघाल! ते म्हणाले, "बसेल, तो त्याचा फॉर्म भरेल." या वाक्यावर काय करायचं असतं? मी पलंगाखालची बॅग ओढून बाहेर काढली आणि उरलेली दुपटी भरायला घेतली.

ताई गेली. तिने विमानात बारा तास सीटचा पट्टा सोडला नाही, असं नंतर कळलं. इकडे भावोजींनी जुना गॅस ओढून बाटलीत परत भरायचं यंत्र आणलं. तेवढ्याने भागेना म्हणून रविवारी भंगारवाल्यांकडे जाऊ लागले. तिथे फ्रिजच्या नळ्या कुऱ्हाडीने तोडतात. हे आधी हात जोडून म्हणणार, पाच मिनिटं थांबा, आतला गॅस तेवढा काढून घेतो. पहिल्या रविवारी भंगारवाले हसले. दुसऱ्या रविवारी हाकलून दिलं. तिसऱ्या रविवारी सात फ्रिज बाजूला काढून ठेवले होते, थंडोबा येणार म्हणून. भरलेल्या बाटल्या जिथे तो वायू जाळून नष्ट करतात तिथे पाठवायच्या. पहिली बाटली भरली तेव्हा मीच गुणाकार करून दिला. गच्चीतली अकराच्या अकरा झाडं त्या एका बाटलीपुढे काहीच नव्हती. एरवी मी ते चारचौघांत बोलून दाखवलं असतं.

आणि ताई तिथे पोचल्याच्या सतराव्या दिवशी, भर दुपारी, फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोनच्या पडद्यावर आधी ताईचं नाक दिसलं, मग छत, मग एक लालबुंद, मिटल्या डोळ्यांचं गाठोडं, आणि मग लेक. थकलेली, केस कपाळाला चिकटलेले. आईचा हात तिच्या खांद्यावर होता.

"बाबा," ती म्हणाली, "हिचं कपाळ तुमच्यासारखं आहे. तुम्ही का नाही आलात?"

सगळ्या इमारतीला, वकिलांना, लिफ्टवाल्याला धुरावर व्याख्यान देणाऱ्या या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, "दुकानात फार काम होतं गं."

माझं टाळकंच सटकलं. मी फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला. "तुझा बाप धडधडीत खोटं बोलतोय! कसलं काम? दुकान उघडायचं आठवत नाही रोज! त्याने आपली जागा सोडली, कशापायी तर…"

"मला माहितीये, मावशी," ती म्हणाली. "आईने पहिल्याच दिवशी सांगितलं सगळं. ते बरोबर की चूक, मला नाही कळत. मी भांडत नाहीये." तिने बाळाला जवळ ओढलं. "मला फक्त त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचंय, की त्यांना यायचं होतं."

मी फोन परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांना वेळ लागत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाई केली नाही.

"यायचं होतं," ते म्हणाले. "फार यायचं होतं गं मला."